त्या बुधवारी तू बाही वर करून आला होतास

कवडूभाऊ,

तुझ्या खाटेशी अकरा दिवस बसले आणि तुझ्याशी एक शब्द बोलले नाही. आयुष्यात असं कधी झालं नव्हतं. आपण दोघं एका ठिकाणी आलो की वैनी कपाळाला हात लावायची, "झालं सुरू, आता संध्याकाळपर्यंत कोणाले बोलाले नाई भेटत." पण नागपूरच्या त्या खोलीत डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. आवाज करायचा नाही, दिवा लावायचा नाही, उगाच हात लावायचा नाही. पडदे ओढलेले, दारावर 'शांतता' असा कागद चिकटवलेला. बाहेर कोणाच्या हातून पेला पडला तरी तुझं सगळं अंग ताठ होऊन वर उचललं जायचं. म्हणून मी चपला दाराबाहेर काढून स्टुलावर नुसती बसून राहिले. तुला रागवायचं होतं, तुझ्यापुढे रडायचं होतं आणि एक गोष्ट कबूल करायची होती. सगळं तोंडातच राहिलं. तू गेल्याला आता दीड महिना होत आला. आता कितीही मोठ्यानं बोललं तरी तुला त्रास व्हायचा नाही, म्हणून बोलते.

खरं तर मोठा आवाज तुझा. आपल्या गावच्या तळ्याच्या या पाळीवरून, बांधावरून, तू "तुळशीराम, डोंगा आण गा" म्हणून नावेसाठी हाक मारलीस की त्या पाळीवरची जनावरं मान वर करायची. मी उपकेंद्रात बाळंतिणींना लोहाच्या गोळ्यांचं सांगत असायचे आणि तुझी हाक खिडकीतून आत यायची. बायका हसायच्या. "बाई, तुमचे भाऊ उठले." तीस वर्षं नर्स म्हणून नोकरी केली, त्यातली शेवटची पाच आपल्याच गावात. या पाच वर्षांत मी घड्याळ क्वचितच पाहिलं असेल. तुझी पहिली हाक म्हणजे सकाळ, आणि जाळी वाळत घालताना तू वैनीशी घातलेला वाद म्हणजे दुपार.

आता सकाळ होते, पण कळत नाही.

तुझं नाव कवडू का, हे आईनं आपल्याला कितीदा सांगितलं होतं. तुझ्या आधीची दोन बाळं गेली. दोन्ही चांगली रडत जन्माला आली, दूध प्यायली आणि सातव्या-आठव्या दिवशी त्यांचे जबडे आवळले. दूध ओढेनात, अंग लाकडासारखं झालं. नाळ घरच्याच विळ्यानं कापायचे आणि वर शेणाची राख लावायचे. लोक म्हणाले, बाहेरचं आहे. म्हणून तू झालास तेव्हा आईनं तुला दाईला एका कवडीला विकलं आणि लगेच परत घेतलं, म्हणजे नेणाऱ्याला वाटावं, हे पोर या घरचं नाहीच. तू जगलास. आईचा त्या कवडीवर मरेपर्यंत विश्वास होता. मी नर्सिंग शिकायला गेले तेव्हा पहिल्या वर्षी पुस्तकात तो आजार वाचला आणि वसतिगृहाच्या जिन्यावर बसून रडले. आपल्या त्या दोन भावंडांना बाहेरचं काही झालं नव्हतं. धनुर्वात झाला होता. गरोदरपणात आईच्या दंडात दोन सुया पडल्या असत्या तर दोन्ही वाचली असती. सुट्टीत येऊन मी तुला हे सांगितलं, तर तू बराच वेळ जाळ्याची गाठ मारत राहिलास आणि म्हणालास, "आईले नोको सांगू." मी सांगितलं नाही. त्या दिवशी तुझ्याबद्दल फार माया वाटली होती.

पण भाऊ, त्या दोघांना नेणारा आजार तुलाही ओळखून होता, हे तेव्हा मला सुचलं नाही. मी शिकलेली बाई, आणि मलाही वाटत राहिलं की तुझ्यावरचं ते केव्हाच टळलं.

तू मला चिडवायचास ती गोष्ट आज मीच सांगते. मी चौथीत होते. शाळेत टोचायला माणसं येणार, असं गुरुजींनी आदल्या दिवशी सांगितलं आणि माझी झोप उडाली. सकाळी मी घरातल्या ढोल्यात जाऊन बसले. धान ठेवायची ती बांबूची, शेणानं सारवलेली कणगी. उन्हाळा होता, तळाशी दोन मुठी धान उरलं होतं. आत काळोख आणि नाकात कोंडा. शाळेतून बोलवायला शिपाई आला, तेव्हा तू ढोल्याला टेकून जाळं विणत बसला होतास. तुझी शाळा केव्हाच सुटली होती. "पुस्तकला कुठी आहे?" त्यानं माझं नाव घेऊन विचारलं. तू मान वर न करता म्हणालास, "मामाच्या गावाले गेली." तो गेल्यावर तू झाकण उचलून वाकून पाहिलंस. "निघ आता बाहेर. कोंडा खाऊन खोकलत मरशीन." माझ्यासाठी तू बोललेलं ते पहिलं खोटं. पुढे मी नर्स झाले, पांढरी साडी नेसून पहिल्यांदा घरी आले, तर तू दारातच म्हणालास, "आली पाय, ढोल्यातली नर्स." गावात कोणाला त्याचा अर्थ कळला नाही. तूही कधी कोणाला सांगितला नाहीस.

सुई टोचायची भीती मला कधी नव्हती, टोचून घ्यायची होती. हे फक्त तुला माहीत होतं. नवऱ्यालाही नाही.

मुलचेऱ्याला बदली झाली तेव्हाचं तुझं येणं आठवतं. दोन एसट्या बदलून यायचास, हातात ओल्या पोत्यात गुंडाळलेली मरळ, वर पळसाची पानं. एसटीतले लोक नाकाला रुमाल लावत असतील, तुला त्याचं काही नाही. आमच्या आजूबाजूला बंगाली लोकांची गावं. त्यांनी तुझी मरळ पाहिली आणि तुझं त्यांच्याशी असं जमलं की मी बाजूला राहिले. त्यांनी तुला मोहरी वाटून मासा कसा करतात ते शिकवलं. परत जाऊन तू वैनीला तो करायला लावलास आणि ताट ढकलून म्हणालास, "त्यायच्या हातची गंमत वेगळी होती." वैनी चार दिवस तुझ्याशी बोलली नाही. त्या तेरा वर्षांत तू किती वेळा आलास! एकदाही मोकळ्या हातानं नाही. दर वेळी हातावर शिंगी मासोळीच्या काट्यानं टोचलेल्या नव्या खुणा असायच्या. मी म्हणायचे, "दाखव बरं." तू हात मागे घ्यायचास.

इथेच आपलं भांडण सुरू व्हायचं. गावातले सगळे मासे धरणारे तुझ्यासारखेच बोलतात. शिंगीचा काटा ज्याला शंभरदा टोचला, त्याचं रक्त पक्कं झालं, असं तुम्ही मानता. "मले रोज सुई लागते. मासोळीच डाक्टरीन आहे माही. तुह्या सुईचं काय काम?" असं म्हणून तू टोचलेलं बोट चुलीच्या शेकेला धरायचास आणि पाच मिनिटांनी पुन्हा पाण्यात. मी समजावून थकले. काट्यात औषध नसतं, भाऊ. काट्यानं फक्त भोक पडतं, आणि त्या भोकातून चिखलातलं, शेणातलं काय आत जाईल ते सांगता येत नाही. धनुर्वाताचं बी मातीत असतं, गोठ्यात असतं, वर्षानुवर्षं पडून राहतं. कितीही टोचून घे, त्यानं अंगात ताकद येत नाही. धनुर्वात होऊन वाचलेल्या माणसालाही पुढं लस घ्यावीच लागते, असा हा आजार आहे.

तुझा दुसरा मुद्दा लोखंडाचा. "गंजका खिळा लागला तं मी स्वतः येतो तुह्याकडे, बोलवाचं काम नाई." आणि तू खरंच आला असतास. आमच्याकडे पुरुष येतात ते खिळा, पत्रा, नांगराचा फाळ लागला की. काटा, कामटी, लाकडाची सल, याला कोणी जखम म्हणत नाही. बायकांना गरोदरपणात इंजेक्शन मिळतं, लेकरांना मिळतं, दहाव्या वर्षी आणि सोळाव्या वर्षी मिळतं. सोळा संपलेल्या पोराला पुढे कोणी विचारत नाही. लहानपणी घेतलेली लसही जन्मभर पुरत नाही, तिची ताकद उतरत जाते, दर दहा वर्षांनी पुन्हा घ्यायची असते. तुझ्या वयाच्या माणसांना तर लहानपणीही कोणी दिली नव्हती. मी तीस वर्षं रजिस्टर भरलं, त्यात त्या-त्या गावात जन्मलेलं प्रत्येक पोर आहे. तुझं नाव कुठेच नाही. तुला लिहायला रकानाच नव्हता, असं मी आता स्वतःला सांगते. पण रकाना आखायला पट्टी आणि पेन लागतो, आणि दोन्ही माझ्या टेबलावर होते.

आता ती गोष्ट.

गेल्या भाऊबीजेला मी तुला ओवाळलं. तू ताटात साडी ठेवलीस, वैनीनं निवडलेली, कारण तुझी निवड सगळ्यांना माहीत. मी साडी बाजूला ठेवली आणि म्हटलं, "मला हे नको. बुधवारी लसीकरण आहे. येऊन इंजेक्शन घे, तीच ओवाळणी." पोरं हसली. तू मात्र हसला नाहीस. ओवाळणीत मागितलेल्याला नाही म्हणायचं नाही, हे तू पाळायचास. म्हणालास, "घेतो. पण तू घे आधी, माह्यासमोर. मंग मी घेतो." मी घाईघाईनं ताट उचललं आणि आत गेले. वाटलं, बुधवारपर्यंत विसरशील.

बुधवारी तू आलास. त्या दिवशी उपकेंद्राचा व्हरांडा भरलेला होता. सहा-सात गरोदर बायका, मांडीवर लेकरं, निळी लसीची पेटी टेबलावर, आणि मी एका नव्या पोरीला सांगत होते, "अगं, मुंगी चावल्यासारखं होतं, घाबरतेस काय." तेवढ्यात दारात तू. धुतलेला पांढरा सदरा, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा नाही, डावी बाही खांद्यापर्यंत दुमडलेली. एकसष्ट वर्षांचा माणूस लस घ्यायला अंघोळ करून आला होता. म्हणालास, "काढ दोन सुया. एक तुही, एक माही."

सगळ्या बायका माझ्याकडे पाहू लागल्या. भाऊ, माझी शेवटची लस धाकटीच्या वेळची, सत्तावीस वर्षांपूर्वीची. तीही डोळे मिटून आणि परिचारिकेचा हात धरून घेतलेली. तिथे त्या क्षणी मी पदर सारून दंड पुढे केला असता, चार बायकांसमोर माझं तोंड वाकडं झालं असतं, झालं तर झालं असतं. तेवढंच. पण मी म्हटलं, "माझं गेल्या वर्षीच झालं."

तू माझ्याकडे पाहिलंस. ढोल्याचं झाकण उचलून पाहिलं होतंस तसंच. मग हळूच बाही खाली केलीस, बटण लावलंस आणि म्हणालास, "असं काय? मंग माहंही पुढच्या वर्षी." बायकांना वाटलं थट्टा चालली आहे. तू हसत हसत पायऱ्या उतरून गेलास. मी दुसऱ्या बाईचं कार्ड हातात घेतलं. तुला हाक मारावी असं वाटलं होतं, भाऊ. खरंच वाटलं होतं. पण समोर रांग होती.

माघात तू गोठ्यात बसून माशांचा सापळा विणत होतास. बांबूची कामटी अंगठ्याच्या मांसात शिरली. तू ती दातानं ओढून काढलीस आणि तोंडातला खर्राच वर दाबून चिंधी बांधलीस. वैनी म्हणाली, बाईला दाखवू. तू म्हणालास, "काऊन? लोखंड नाई लागलं. पुस्ताले नोको सांगू, ते सुई घेऊन धावल." हे मला वैनीनं नंतर सांगितलं. सांगताना ती माझ्या पाया पडायला निघाली होती. मी तिला धरलं. तिची काही चूक नाही. तिला मी तीस वर्षांत कधी सांगितलं होतं की धनुर्वाताला कामटीही पुरते म्हणून?

आठ-नऊ दिवसांनी सकाळी तिचा फोन आला. मी शेजारच्या गावात शिबिरात होते. "बाई, तुमच्या भावाचं तोंड उघडून नाई राह्यलं. घास बी जाऊन नाई राह्यला." आणि मी काय म्हटलं माहीत आहे? "खर्रा खाऊन खाऊन आवळलं असेल. किती वर्षं सांगते आहे सोड म्हणून. गुळण्या करायला लाव, उद्या येते." आपल्या या भागात ज्याचं तोंड उघडत नाही, त्याच्या तोंडात आधी खर्राच आठवतो. अर्ध्या गावाच्या तोंडात तीन बोटं जात नाहीत, तुझ्याही जात नव्हती. मीच शाळेत पोरांना शिकवते, तीन बोटं घालून पाहा म्हणून. त्याच शिकवण्यात मी फसले. डॉक्टर पुढे म्हणाले, एका दिवसानं फार फरक पडला असता असं नाही. ते चांगले आहेत, म्हणून असं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी तुझ्या दारात आले तर तू भिंतीला पाठ लावून बसला होतास आणि हसत होतास. मीही हसले. म्हटलं, "सुटलं ना तोंड?" मग पाहिलं की ते हसू जागचं हलत नाही. डोळ्यांत हसू नव्हतं. मान वळत नव्हती. मी तुझा हात घेतला, चिंधी सोडली, काळा झालेला खर्रा निघाला. तीस वर्षं मी हा आजार भिंतीवरच्या तक्त्यात दाखवला, पण एकही रोगी पाहिला नव्हता. बायका आणि लेकरं आम्ही वाचवली होती ना. पहिला पाहिला तो तू.

गाडीत मी तुझ्या डोक्याशी बसले होते. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी जे करायचं ते केलं होतं आणि पुढे पाठवलं होतं. रस्त्यात प्रत्येक खड्ड्याला तुझी पाठ कमानीसारखी व्हायची आणि मी ड्रायव्हरला हळू म्हणायचे, मग लगेच लवकर म्हणायचे. पूर्ण शुद्धीत होतास. या आजाराचं हेच वाईट, माणसाला सगळं कळत राहतं. गडचिरोली जवळ आल्यावर दोन झटक्यांच्या मध्ये तू माझ्याकडे डोळे फिरवलेस. ओठ हलले. दातांवर दात, त्यातून शब्द आला.

"घेजो."

मी म्हटलं, काय घेऊ? पाणी? तू डोळे मिटून उघडलेस आणि पुन्हा म्हणालास, "तू. घेजो, पुस्ता." त्यानंतर तू बोलला नाहीस. जिल्ह्याच्या दवाखान्यात औषधानं झोपवलं, पुढे नळी, नागपूर, ती काळोखी खोली. म्हणजे तुला माहीत होतं. त्या बुधवारीच माहीत होतं. तू व्हरांड्यात चार बायकांसमोर मला उघडं पाडू शकला असतास. त्याऐवजी तू तुझी बाही खाली केलीस. माझ्यासाठी बोललेलं तुझं दुसरं खोटं ते, फक्त या वेळी तू ते न बोलता बोललास.

मी तुझ्यावर रागावले आहे, भाऊ. लाज मला राखायची होती, तुला नाही. एक टोमणा मारला असतास, "ढोल्यातली नर्स" एवढंच म्हणाला असतास, तरी मी चिडून दंड पुढे केला असता. मला ओळखत होतास ना? मग तेवढं का केलं नाहीस? अकरा दिवस मी तुझ्याकडे पाहत हेच विचारत होते. आणि मधूनच असंही वाटायचं की जन्मभर कोणी आपली लाज अशी झाकली, किती मोठं भाग्य.

तेरवीला तळ्यावरचे सगळे आले होते. जेवण झाल्यावर तुळशीराम माझ्याजवळ येऊन उकिडवा बसला. तुझा चाळीस वर्षांचा जोडीदार, डोंग्याच्या दुसऱ्या टोकाला तोच. तो आपला अंगठा पाहत होता. सगळेच त्या दिवशी आपापली बोटं पाहत होते. म्हणाला, "बाई, आमचं काय?" मी म्हटलं, बुधवारी या. तो म्हणाला, "बुधवारी बायका रायतेत. तिथी आमी नाई येत. तळ्याले जाळं टाकाच्या दिवशी तुमी पाळीवर या. सारे तिथीच राह्यतो." इतकी वर्षं मी तुम्हाला उपकेंद्रात बोलावत राहिले, पन्नास पावलं चालून पाळीवर यायचं मला सुचलं नाही.

डॉक्टरांना विचारलं. त्यांनी परवानगी दिली, लसही दिली. गेल्या शुक्रवारी सकाळी आम्ही पाळीवर गेलो. मी आणि आमची नवी नर्स प्रणाली, निळी पेटी तिच्या खांद्याला. ऊन कोवळं होतं, पाणी बरंच उतरलं होतं, कडेला चिखलात बगळे. तुझा डोंगा उलटा घालून ठेवला आहे, अजून कोणी हात लावलेला नाही. माणसं गोळा झाली, पंधरा-सोळा. मी सांगितलं सगळं. ज्यांनी कधीच घेतली नाही त्यांना तीन डोस, आज एक, महिन्यानं एक, मग सहा महिन्यांनी. त्यानंतर दर दहा वर्षांनी, आणि चिखलातली मोठी जखम झाली तर वाट न पाहता दाखवायला यायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि कोणी पुढे आलं नाही. एकमेकांना ढकलत उभे. मग तुळशीरामनं विचारलं. त्याच्या मनात काही नव्हतं, सहज विचारलं. "बाई, तुमचं झालं का?"

माझ्या जिभेवर तेच वाक्य आलं, भाऊ. तयारच होतं.

मी म्हटलं, "नाही झालं. सत्तावीस वर्षं झाली. मला भीती वाटते. कवडूभाऊ मला घेऊन दाखव म्हणाला होता, तर मी त्याला खोटं सांगितलं."

प्रणाली पेटीचं झाकण हातात धरून उभी राहिली. पाण्यात मासोळी उडाल्याचा आवाज आला. तुळशीराम खाली बघत हळूच म्हणाला, "बसा बाई इथी." तू जाळं झाडायला बसायचास तो दगड. मी बसले, पदर सारला, पाण्याकडे तोंड केलं. प्रणालीला वाटलं मी तिची परीक्षा घेते आहे, बिचारीनं दोनदा कापूस फिरवला. "मॅडम, मुंगी चावल्यासारखं होईल," ती म्हणाली. मुंगी चावल्यासारखं होत नाही, भाऊ. सुई टोचल्यासारखं होतं. यापुढे मी कोणाला मुंगीचं सांगणार नाही.

माझ्यानंतर तुळशीराम बसला. मग रांग लागली. वैनीही आली, डोक्यावरून पदर घेऊन, सगळ्यांत शेवटी. लस घेतल्यावर अर्धा तास थांबायचं असतं, म्हणून सगळे पाळीवर बसून राहिले. कोणी खर्रा काढला, माझ्याकडे पाहिलं आणि परत खिशात ठेवला. दुसऱ्या डोसाची तारीख मी सगळ्यांना सांगितली. तुळशीराम म्हणाला, त्या दिवशी हाक मीच मारीन. त्याचा आवाज तुझ्याएवढा नाही, पण पोचेल.

डाव्या दंडात घेतलं, भाऊ. दोन दिवस ठणकत होता, उचलता येत नव्हता. गोळी घेतली नाही.